प्राचीन इजिप्तचं साहित्य आणि सामान्य माणसाचं रोजचं जगणं: कशावर किती विसंबायचं?

सई_वाचते

'खेतीची शिकवण' (खेती हे त्यातल्या बापाचं नाव) वाचताना अडले आहे. बाप मुलाला घेऊन नदीतून राजधानीकडे, लेखनिकांच्या शाळेत घालायला निघाला आहे आणि वाटेत एकेका धंद्याची दुर्दशा सांगतो आहे. भट्टीच्या तोंडाशी बसून तांबटाची बोटं मगरीच्या नखांसारखी झाली आहेत. न्हावी संध्याकाळपर्यंत गल्लोगल्ली गिऱ्हाईक शोधत हिंडतो. विणकर गुडघे पोटाशी घेऊन कोंदट खोलीत बसलेला, बाहेरचा उजेड दिसावा म्हणून दारवानाला स्वतःचं खाणं देतो. फार जिवंत वर्णन आहे, पण हे कारागिरांचं खरं चित्र धरायचं का?

दुसरं म्हणजे मापांचा गोंधळ. एका कथेत धान्याची 'पोती', दुसरीकडे 'खार', तिसरीकडे 'हेकात', आणि भाव सगळे 'देबेन'मध्ये. माणसाला महिन्याला काय मिळायचं आणि त्यात घर कसं चालायचं, याचा अंदाज कुणी नीट मांडून देईल का?

---

दफ्तरी

खेतीची शिकवण हा लेखनिकाच्या पेशाचा प्रचार आहे, हे आधी पक्कं करून घ्या. रचना मध्य राज्याच्या काळातली (इ. स. पू. सुमारे २००० ते १७००), साधारण बाराव्या राजवंशातली. पण हाती आलेल्या बहुतेक प्रती नव्या राज्यातल्या (इ. स. पू. सुमारे १५५० ते १०७०), म्हणजे पाच-सहाशे वर्षांनी नकललेल्या. जवळजवळ सलग मजकूर ब्रिटिश म्युझियममधल्या सॅलिए २ या पपायरसवर (लव्हाळ्याच्या कागदावर) मिळतो, बाकी सगळे शिकाऊ मुलांनी चुनखडीच्या कपच्यांवर उतरवलेले तुकडे. मुलं जुनी भाषा न समजता गिरवत होती, त्यामुळे शब्द गळलेत, ओळी सरकल्यात. काही धंद्यांच्या कडव्यांचा धड अर्थच लागत नाही आणि दोन भाषांतरकार दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एकाच ओळीवर मोठा निष्कर्ष उभारायला हा मजकूर अजिबात चालत नाही.

म्हणून तो बाजूला टाकायचा असंही नाही. अतिशयोक्ती कशाची आहे ते बघा. हालअपेष्टा फुगवल्या आहेत, कामाची मांडणी फुगवलेली नाही. न्हाव्याला दुकान नाही, तो फिरतो. धुणं नदीकाठी होतं आणि तिथे मगरीची भीती असते. विणकाम घरात, देखरेखीखाली चालतं आणि दिवसाचं काम ठरवून दिलेलं असतं. यातलं काही चुकीचं असतं तर वाचणाऱ्या लेखनिकांना ते पटलंच नसतं. लेखकाने सहज, वादाचा मुद्दा नसताना लिहून टाकलेली गोष्ट जास्त भरवशाची. ज्या गोष्टीसाठी तो आवाज चढवतो ती पडताळून घ्यायची.

पडताळायची कुठे? पेशवाईतलं जगणं कुणी नुसत्या पोवाड्यांवरून लिहीत नाही, जमाखर्चाचे आणि निवाड्यांचे कागद शेजारी ठेवावे लागतात. इजिप्तच्या बाबतीत असं दफ्तर एका गावाचं सापडलं आहे: लक्सरच्या पश्चिम काठावरचं देर अल-मदीना. राजांच्या दरीतली थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कामगारांची ही वस्ती. गावकुसाच्या आत सुमारे ६८ घरं. बर्नार ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ या काळात तिथे उत्खनन केलं आणि १९४९-५० मध्ये गावाजवळच्या एका प्रचंड खड्ड्यातून पाच हजारांच्या आसपास लेख असलेल्या कपच्या निघाल्या. त्यांना ऑस्ट्राका म्हणतात. पपायरस महाग, चुनखडीची कपची फुकट, त्यामुळे उसनवारीपासून धुण्याच्या यादीपर्यंत सगळं त्यांवर लिहिलं गेलं.

धुण्याचंच घ्या. या गावाला शासनाने धोबी नेमून दिले होते, तसेच पाणके, कोळी, लाकूडतोडे आणि कुंभारही. वाळवंटाच्या कडेला असल्याने गावात पाणी नव्हतं, ते रोज गाढवांवरून खालून यायचं. धोब्याकडे दिलेल्या कपड्यांच्या काही कपच्यांवर शब्दांऐवजी कपड्यांची चित्रं आणि पुढे संख्येच्या रेघा आहेत, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही हिशेब कळावा. खेतीतला धोबी आणि या यादीतला धोबी शेजारी ठेवले की तो मगरीच्या भीतीने थरथरणारा माणूस मुळात एका चोख व्यवस्थेचा भाग होता, हे लक्षात येतं.

याहून बोलका दस्तऐवज म्हणजे ब्रिटिश म्युझियममधला ५६३४ क्रमांकाचा हजेरीपट. रामसेस दुसऱ्याच्या ४०व्या वर्षातला. चुनखडीचा साधारण ३८ सेंटिमीटर उंचीचा तुकडा, दोन्ही बाजूंनी भरलेला, ४० माणसांची नावं. काळ्या शाईत खाड्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेच्या वर बारीक लाल अक्षरात कारण. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले, कुणी आईच्या प्रेताला कापड गुंडाळायला थांबला, कुणी सणासाठी बिअर गाळत होता, कुणाच्या घरी बायको किंवा मुलगी विटाळशी होती म्हणून तो आला नाही. पहेरीपेजेत नावाच्या माणसाचे खाडे तर दुसऱ्यांसाठी औषधं बनवण्यात गेलेले, त्यात लेखनिकाच्या बायकोसाठीही. गावचा वैद्य हाच. शिकवणींमध्ये कामगार म्हणजे फक्त राबणारा आणि मार खाणारा. हजेरीपटावर त्याला घर आहे, आजार आहेत, सुतक आहे, सण आहेत आणि ही सगळी कारणं लिहून घेणारा कारकूनही आहे.

---

मापाडी

मापांचं मी सांगतो. सर्वात जास्त चुका 'पोतं' या एका शब्दात होतात.

हेकात म्हणजे सुमारे ४.८ लिटर. मध्य राज्यात पोतं १० हेकातचं होतं, म्हणजे ४८ लिटर. नव्या राज्यातलं खार १६ हेकातचं, म्हणजे जवळपास ७७ लिटर. भाषांतरात दोन्ही 'पोतंच' होतात. इ. स. पू. विसाव्या शतकातल्या हेकानख्त या शेतमालकाच्या पत्रांतलं पोतं आणि रामसेसांच्या काळातलं पोतं एकच धरलं की घरखर्चाचा हिशेब दीडपटीहून जास्त चुकतो. मजकूर कुठल्या काळाचा ते आधी बघायचं, मग गुणाकार करायचा.

देबेन हे वजन आहे, नव्या राज्यात सुमारे ९१ ग्रॅम तांबं. नाणी नव्हती. भाव देबेनमध्ये ठरायचा आणि चुकता व्हायचा वस्तूंनी. बैलाचा एक सौदा असा नोंदलेला आहे: बैल १२० देबेन. त्याबदल्यात चरबीची दोन मडकी ६० देबेन, तलम कापडाचे पाच कपडे २५, आणखी एक चांगलं वस्त्र २० आणि एक कातडं १५. बेरीज बरोबर १२०. बैल विकणाऱ्याच्या हाती तांब्याचा तुकडाही पडला नाही. कुठल्या लेखात 'इतके देबेन दिले' असं भाषांतर दिसलं तरी प्रत्यक्ष काय हातात पडलं हे पुढच्या ओळींत शोधावं लागतं.

आता पगार. देर अल-मदीनाच्या साध्या कामगाराला महिन्याला ४ खार एमर गहू आणि दीड खार जव. मुकादमाला साडेपाच आणि दोन. एमर भाकरीसाठी, जव बिअरसाठी. कामगाराचे ४ खार म्हणजे ३०७ लिटर गहू आणि दीड खार म्हणजे ११५ लिटर जव. याशिवाय मासे, भाजी, सरपण, पाणी, मडकी शासनाकडून, आणि सणाला जादा वाटप. एका कुटुंबाला हे पुरून उरत असे. धान्याचा भाव ठीक असताना खारला २ देबेन धरला तर पगार ११ देबेन होतो. चपलांचा जोड साधारण २ देबेन, साधी शवपेटी २० ते ४०, गाढव २५ ते ४०. म्हणजे गाढव घ्यायचं तर सव्वादोन ते साडेतीन महिन्यांचं पूर्ण धान्य. गाढवं भाड्याने देण्याचे आणि भाड्याने नेलेलं गाढव मेल्यावर भरपाई कुणी द्यायची याचे तंटे त्या गावात इतके का, ते यावरून समजतं.

एमर ओंबीतून सहज सुटत नाही. आधी उखळात कांडायचा, कोंडा चाळून काढायचा, मग पाट्यासारख्या दगडावर पुढे-मागे रगडून पीठ करायचं. हे घरोघर रोजचं काम. त्यासाठी सरकारी दासी नेमलेल्या होत्या आणि त्यांच्या कामाचे दिवस घराघरांत वाटून दिलेले असत. हे वाटणीचे दिवस विकलेही जात.

आता हे आकडे घेऊन दोन भावांची कथा पुन्हा वाचा. धाकटा भाऊ बाता शेतातून बियाणं न्यायला घरी येतो. थोरल्याची बायको वेणी घालून घेत बसलेली, ती म्हणते, तूच कोठार उघड आणि हवं तेवढं ने, माझी वेणी अर्धवट राहील. तो तीन खार गहू आणि दोन खार जव खांद्यावर घेऊन निघतो. पाच खार म्हणजे ३८५ लिटर. कामगाराच्या घराचं जवळजवळ महिन्याचं धान्य एका खांद्यावर! ती एवढी चकित का होते आणि तिची नजर का फिरते, ते आकडा कळल्यावर लगेच उमगतं. ऐकणाऱ्याला हा आकडा पाठ होता, आपल्याला तो मुद्दाम शिकावा लागतो.

उलट, बोलक्या शेतकऱ्याच्या कथेतला आकडा अगदी सरळ आहे. खटला चालू असताना खुनअनुपला, म्हणजे त्या शेतकऱ्याला, गुपचूप रोज दहा भाकरी आणि बिअरचे दोन बुधले पोचवले जातात. 'वादी हम्मामात' या वाळवंटातल्या दगडखाणींच्या खोऱ्यात सेनुस्रेत पहिला या राजाच्या ३८व्या वर्षाचा लेख आहे, त्यात मोहिमेवरच्या साध्या मजुराचा शिधाही दहा भाकऱ्यांचाच आहे. म्हणजे कथाकाराने आकडा मनाने काढलेला नाही. बिअर मात्र त्याने मजुराच्या मापापेक्षा बरीच सढळ हाताने दिली आहे.

---

सई_वाचते

दोघांचेही आभार, ४८ आणि ७७ लिटरचा फरक कुठल्याच पुस्तकात मला इतका सरळ दिसला नव्हता. आता घराच्या आतलं विचारते. आनीच्या शिकवणीत आईविषयी आणि बायकोविषयी इतकं हळवं लिहिलं आहे की तो आदर्श वाटतो. प्रत्यक्षात म्हाताऱ्या माणसांची काय अवस्था होती? बायकांच्या हातात काही होतं का?

---

उंबरठा

आनी हा दरबारी बडा माणूस नाही, मधल्या फळीतला लेखनिक आहे. म्हणून त्याची शिकवण वजिराच्या तोंडी घातलेल्या प्ताहहोतेपच्या शिकवणीपेक्षा घराच्या जास्त जवळ येते. प्ताहहोतेप सांगतो, थोरामोठ्यांच्या पंगतीला बसलास तर समोर येईल तेच घे आणि त्यांच्या पानाकडे टक लावून बघू नकोस. आनी सांगतो, आईने तुला जेवढं खायला दिलं त्याच्या दुप्पट तिला दे. तिने तीन वर्षं अंगावर पाजलं, शाळेत घातलं आणि रोज भाकरी आणि बिअर घेऊन तुझी काळजी वाहिली. बायकोबद्दल त्याचं म्हणणं असं: ती घर नीट चालवते हे ठाऊक असताना तिच्यावर हुकूम सोडू नकोस. वस्तू जागच्या जागी ठेवलेली असताना 'कुठे आहे? आण इकडे' असं ओरडू नकोस, गप्प बसून तिचं कसब बघ. असं ओरडणारे नवरे घरोघर होते म्हणूनच हे लिहावं लागलं. उपदेशात जे करू नकोस म्हटलंय ते बहुधा सर्रास चालत होतं, असं धरून वाचलं तर फार हाती लागतं.

याच आनीच्या शेवटी एक दुर्मीळ गोष्ट आहे. मुलगा खोन्सुहोतेप उलट उत्तर देतो: तुमच्यासारखं मला जमणार नाही, नुसतं तोंडपाठ केलं म्हणजे मूल तसं वागत नाही. बाप-लेकाचा वाद शिकवणीतच नोंदलेला आहे. निवडक उताऱ्यांच्या पुस्तकांत हा भाग बऱ्याचदा गाळतात, संपूर्ण भाषांतर शोधून वाचा.

आता म्हातारपण. आनीच्या शेजारी नाउनख्तेचं मृत्युपत्र ठेवा. रामसेस पाचव्याचं तिसरं वर्ष, इ. स. पू. ११४५ च्या सुमारास, देर अल-मदीना. त्याचा पपायरस ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. ती गावच्या पंचांसमोर उभी राहून सांगते: मी फेरोच्या (राजाच्या) देशातली स्वतंत्र स्त्री आहे. ही आठ मुलं मी वाढवली, त्यांचा संसार मांडून दिला. आता मी म्हातारी झाले आणि ती माझ्याकडे बघत नाहीत. ज्याने माझ्या हातावर हात ठेवला त्याला माझं देईन, ज्याने ठेवला नाही त्याला देणार नाही. मग नावं घेऊन कुणाला वाटा आणि कुणाला नाही ते सांगते. केन्हिरखोपशेफ या मुलाला भावंडांपेक्षा वेगळं असं कांस्याचं एक घंगाळ देते.

कायदा बारकाईने बघा. ज्यांना तिने वगळलं, त्यांना तिच्या एकतृतीयांश हिश्शातून काही नाही. पण बापाच्या दोनतृतीयांशातला त्यांचा वाटा ती काढून घेऊ शकत नाही, आणि हे मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे संसारात मिळवलेल्यात बायकोचा तिसरा हिस्सा तिचा स्वतःचा होता, त्याची वाट ती पंचांसमोर लावू शकत होती आणि मुलांना धाकात ठेवायला म्हाताऱ्या बाईकडे तेवढंच हत्यार होतं. आनीचा उपदेश आणि नाउनख्तेची तक्रार एकाच प्रश्नाकडे दोन बाजूंनी बघतात: उतारवयात सांभाळणारं मुलांखेरीज कुणी नव्हतं.

हेकानख्तची पत्रंही वाचाच. हा वजिराच्या थडग्याची पूजा सांभाळणारा पुजारी आणि शेतमालक, परगावाहून घरी पत्रं लिहितोय. १९२१-२२ च्या हंगामात मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या मोहिमेला ती देर अल-बहरीजवळच्या थडग्यात सापडली. घरातल्या प्रत्येकाला किती हेकात शिधा द्यायचा याची नावानिशी यादी त्यात आहे. कमी मिळतंय म्हणून कुरकुर करणाऱ्यांना तो बजावतो की पूर्ण मरणापेक्षा अर्धं जगणं बरं. धाकट्या स्नेफ्रूचे मात्र लाड. सेनेन नावाची मोलकरीण त्याच्या नव्या बायकोशी वाईट वागली म्हणून तिला आजच्या आज घराबाहेर काढायला सांगतो. ही पत्रं कुणी वाङ्मय म्हणून लिहिली नाहीत. एकत्र कुटुंबातली धुसफूस इतक्या जवळून दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

प्रेमगीतांबद्दल थोडक्यात. त्यांत प्रियकर-प्रेयसी एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात, ती लाडाची रीत आहे, त्यावरून भावा-बहिणींची लग्नं सर्रास होती असा अर्थ काढू नका. चेस्टर बीटी १ पपायरसवरची मुलगी म्हणते, तो माझ्या आईच्या घराशेजारी राहतो, पण त्याला माझं मन कळत नाही, नाहीतर त्याने माझ्या आईला निरोप धाडला असता. लग्नाची बोलणी आईपाशी सुरू होत, हे तिने जाताजाता सांगून टाकलं.

आणि भीती कशाची होती ते बघायचं तर स्वप्नांचा ग्रंथ. चेस्टर बीटी ३. तो नाउनख्तेच्या पहिल्या नवऱ्याच्या, लेखनिक केन्हिरखोपशेफच्या (वरच्या मुलाचं नावही तेच), संग्रहात होता. 'माणसाने स्वप्नात स्वतःला असं बघितलं तर', पुढे एकेक दृश्य, मग चांगलं की वाईट, आणि वाईट लाल शाईत. खिडकीतून बघताना: चांगलं, त्याची हाक ऐकली जाईल. गरम बिअर पिताना: वाईट, त्रास येईल. आरशात तोंड बघताना: वाईट, दुसरी बायको. बिछाना पेटलेला: वाईट, बायको घराबाहेर जाईल. संसार मोडण्याची धास्ती पुरुषांनाही किती होती, हे कुठल्याही शिकवणीपेक्षा इथे नीट कळतं.

---

दफ्तरी

उंबरठा यांच्या प्रतिसादाला एक जोड. दफ्तर म्हणजे सगळं खरंच, असंही धरू नका. सॉल्ट १२४ हा पपायरस बघा: मुकादम पानेबवर चोरी, मारहाण, परस्त्रियांशी संबंध, राजाच्या थडग्याचे दगड पळवणं असे आरोपांवर आरोप. लिहिणारा अमेननख्त म्हणतो की मुकादमपद माझ्या घराण्याचं, ते पानेबने वजिराला लाच देऊन मिळवलं. म्हणजे फिर्यादीचा स्वार्थ उघड आहे. पानेबची बाजू त्यात नाही. तरी त्यातून काय घ्यायचं? गावात कोणते आरोप लागू पडत, वजिरापर्यंत तक्रार कशी जाई आणि कुठल्या वस्तू चोरण्याजोग्या मानल्या जात. पानेबने ते सगळं केलं का, हे त्या कागदावरून ठरवता येत नाही.

संपाचंही असंच तपासून घ्या. रामसेस तिसऱ्याचं २९वं वर्ष, पेरेत (पिकं उगवण्याच्या) ऋतूचा दुसरा महिना, दिवस १०. धान्य थकलं म्हणून कामगार पाच चौक्या ओलांडून बाहेर पडले आणि थुटमोस तिसऱ्याच्या मंदिरामागे जाऊन बसले. तुरिनच्या पपायरसवर त्यांचं म्हणणं असं: भूक आणि तहान यांमुळे आम्ही इथे आलो, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, फेरोला कळवा. पुढच्या दोन दिवसांत ते रामसेसियमपर्यंत, म्हणजे रामसेस दुसऱ्याच्या मंदिरापर्यंत, गेले आणि मागच्या महिन्याचा शिधा मिळाला. ही नोंद लेखनिकाने रोजच्या टिपणात केली आहे, म्हणून तारखा भरवशाच्या. भाषणं मात्र त्याने सारांश करून लिहिली आहेत. आणि मापाडींच्या आकड्यांशी जोडून बघा: साडेपाच खार वेळेवर आले तर हे घर सुखात, दोन-तीन आठवडे उशीर झाला तर त्याच घरात चूल पेटायची पंचाईत, कारण गावाला शेतीही नव्हती आणि पाणीही नव्हतं.

---

मापाडी

तारखांचं राहिलं होतं. इजिप्शियन लेखात सन राजाच्या कारकिर्दीचा असतो आणि नवा राजा आला की पहिल्यापासून मोजणी. सरळ वजाबाकी केली की उत्तर उलटं येतं. उदाहरण शिकागोच्या ऑस्ट्राकॉनवरचं. मेन्नाने मेजाय पोलिसांचा मुख्य मेंतमोस याला रामसेस तिसऱ्याच्या १७व्या वर्षी चरबीचं मडकं उधार दिलं. बदल्यात जव देतो असं तो म्हणाला आणि दिलं नाही. मेन्नाने पंचायतीत तीनदा फिर्याद केली. शेवटची नोंद तिसऱ्या वर्षाची, पण ते वर्ष रामसेस चौथ्याचं. मधली रामसेस तिसऱ्याची उरलेली वर्षं मोजली की उधारी १८ वर्षं थकलेली निघते.

भाषांतर घेताना चौकोनी कंसांकडेही लक्ष द्या. कंसातला मजकूर फुटलेल्या जागी संपादकाने भरलेला असतो. कंस काढून टाकलेली लोकप्रिय पुस्तकं वाचायला सोपी, पण आकडा मूळ कपचीवर आहे की संपादकाचा, हे त्यांत कळत नाही. मेन्नाच्या कपचीवर मेंतमोसची शपथ आहे: ठरल्या दिवसाच्या आत मडक्याची किंमत फेडली नाही तर शंभर फटके आणि दुप्पट भरपाई. अशी शपथ त्या गावच्या कपच्यांवर पुन्हा पुन्हा, जवळजवळ त्याच शब्दांत येते. म्हणून तो करार लिहिण्याचा साचा समजा, प्रत्येक वेळी शंभर फटके पडले असं मोजत बसू नका.